दिवाळी अंकांसाठी ॲक्रिलिकचे स्टँड: ऐरोलीतल्या कामाच्या नोंदी

७ सप्टेंबर २०२५, रविवार

सोसायटीच्या वाचनालयासाठी टेबलावर ठेवायचे २० स्टँड करायचे आहेत. एका स्टँडवर एक दिवाळी अंक, मुखपृष्ठ दिसेल असा. मोठ्या आकाराचे अंक साधारण २१ × २८ सें.मी. धरले आहेत आणि वजन ४५० ग्रॅमपर्यंत. पारदर्शक ॲक्रिलिकची एकच पट्टी तीन ठिकाणी वाकवायची; कुठेही जोड नाही, डिंक नाही, स्क्रू नाही.

पट्टीचे चार भाग, पुढून मागे: काठ (अंक घसरू नये म्हणून), बैठक (अंक टेकतो ती), पाठ आणि पाय. काठ आणि बैठक काटकोनात, बैठक आणि पाठही काटकोनात. पाठ उभ्या रेषेपासून २० अंश मागे कललेली, पाय वरून तितकाच मागे उतरणारा. म्हणजे वरच्या बाकात (वळणात) पाठ आणि पाय यांच्यामध्ये ४० अंशांचा कोन.

पहिली मापं: काठ २५, बैठक ३५, पाठ १७०, पाय १७०. एकूण ४०० मि.मी. रुंदी १५०.

कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा नमुना करून अंक ठेवून पाहिला. २५ चा काठ मुखपृष्ठाच्या खालची ओळ झाकतो, १८ पुरतो. वाचलेले मिलिमीटर पाठ आणि पायाला दिले. ठरलेली मापं: १८ + ३२ + १७५ + १७५ = ४००.

तोल आकड्यांत तपासला. २८ सें.मी. उंच अंकाचा मध्य पाठीवर १४० मि.मी. वर येतो. २० अंश कलल्यामुळे तो खालच्या कोपऱ्यापासून सुमारे ४८ मि.मी. मागे जातो, अंकाची जाडी धरली तर ४० च्या आसपास. पायाचं टोक कोपऱ्यापासून सुमारे ११५ ते १२० मागे टेकतं. वजन या दोन टेकूंच्या मध्ये पडतं, त्यामुळे स्टँड पुढेही पडत नाही आणि मागेही.

१० सप्टेंबर, बुधवार

तुर्भ्याहून ३ मि.मी. पारदर्शक कास्ट (साच्यात ओतून केलेली) शीट. पूर्ण शीट ८ × ४ फूट असते, आम्हाला अर्धी (४ × ४ फूट, म्हणजे १२२० × १२२० मि.मी.) पुरते. दुकानातच तुकडे करून घेतले. चार फुटी शीट रिक्षात बसत नाही आणि लोकलमध्ये धरून नेली तर कोपरे उडतात. तुकडे कापले की ५ किलोचा गठ्ठा होतो आणि ट्रान्स-हार्बरच्या गाडीने आरामात ऐरोलीला येतो.

कागदावर १५० चे आठ तुकडे १२२० मध्ये बसत होते, करवतीत बसेनात. पातं ३ मि.मी. खातं, आठ तुकड्यांना सात काप, म्हणजे २१ मि.मी. भुसा. १२०० + २१ = १२२१. एका मिलिमीटरने गेलं! रुंदी १४८ केली. लांबीत तीन तुकडे (१२०० + ६) सहज बसतात. एकूण २४ तुकडे, ४०० × १४८.

कास्टच का? एक्स्ट्रूडेड (यंत्रातून सलग ओढून काढलेली) शीट स्वस्त आणि जाडीला एकसारखी असते, पण तापवल्यावर ओढण्याच्या दिशेने आक्रसते, आणि स्पिरिट, थिनर लागलं की लवकर चिरते. कास्टमध्ये तो त्रास कमी. उलट कास्टची जाडी एकसारखी नसते. '३ मि.मी.' शीटमध्ये व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला तर एका टोकाला २.६५, दुसऱ्या टोकाला २.९ मिळाले. हा फरक पुढे तापवण्याच्या वेळेत दिसणार.

१३ सप्टेंबर, शनिवार: तापवायची पेटी

सामान:

– १८ मि.मी. प्लाय, ७०० × २००
– त्यावर ६ मि.मी. सिमेंट बोर्डची पट्टी, ७०० × ८०
– खिडकीच्या सेक्शनवाल्याकडचे २५ × २५ चौकोनी ॲल्युमिनियम पाइप, ६५० लांबीचे दोन
– २४ गेज निक्रोम तार (वीज सोडली की तापणारी), ६० सें.मी. कामाची लांबी
– गिझरला लावतात ते पोर्सलीन कनेक्टर दोन
– १२ व्होल्ट १० अँपिअर एसएमपीएस (घरची वीज १२ व्होल्टवर आणणारा पुरवठा), एलईडी पट्टीचा ८ अँपिअरचा डिमर, ७.५ अँपिअरचा गाडीचा फ्यूज
– १.५ चौ. मि.मी. वायर, एक बारीक ताणाची स्प्रिंग

दोन पाइप सिमेंट बोर्डवर १४ मि.मी. अंतर ठेवून खालून स्क्रूने बसवले. तार मधोमध, पाइपाच्या वरच्या पातळीपासून ७ मि.मी. खाली. ॲक्रिलिक पाइपावर टेकतं, तार त्याला शिवत नाही. पाइप नुसता टेकू नाही. ॲल्युमिनियम उष्णता ओढून घेतं, त्यामुळे फटीबाहेरचं ॲक्रिलिक थंड राहतं आणि बाक अरुंद, स्वच्छ येतो. लाकडी पट्ट्या लावल्या तर बाक पसरतो आणि पट्ट्या काळ्या पडतात.

तारेचा हिशेब: ०.५६ मि.मी. व्यासाच्या निक्रोमचा रोध मीटरला सुमारे ४.५ ओहम. ६० सें.मी. ला २.७ ओहम. १२ व्होल्टवर ४.४ अँपिअर, सुमारे ५३ वॉट. मीटरने ४.३ अँपिअर दाखवले, ठीक. पूर्ण जोरावर तार अंधार केला तरच मंद लाल दिसते. उजेडातही लाल दिसत असेल तर ती जास्त तापते आहे: ॲक्रिलिकचा पृष्ठभाग जळेल आणि आतला भाग कडकच राहील.

स्प्रिंग लागतेच. ६० सें.मी. तार तापली की ४ मि.मी. च्या आसपास लांबते. दोन्ही टोकं घट्ट बांधली तर ती मध्ये झोळते, एखाद्या पाइपाला टेकते आणि शॉर्ट होते. पण स्प्रिंगमधून वीज जाऊ देऊ नये, नाहीतर तीही तापून ढिली पडते. वीज कनेक्टरपाशीच तारेला दिली. स्प्रिंग त्याच्या पलीकडे, नुसती ओढायला.

एसएमपीएसची २३० व्होल्टची टोकं उघडी ठेवू नका. प्लास्टिकच्या डब्यात बसवलं, अर्थिंग जोडलं, ॲल्युमिनियमचे पाइपही अर्थला जोडले.

१४ सप्टेंबर, रविवार: पहिल्या चाचण्या, सगळ्या फसल्या

एक तुकडा चाकूने (ॲक्रिलिक कटर, दहा-बारा ओढण्या, मग टेबलाच्या धारेवर मोडणे) उभा चिरून पट्ट्या केल्या. एका पट्टीवर पाच-सहा बाक करून बघता येतात.

ॲक्रिलिक १०५ अंशांच्या आसपास कडकपणा सोडायला लागतं, पण वाकवायला १५० ते १६५ हवेत. १३० वर जबरदस्तीने वाकवलं तर वाकतं, मात्र बाकाच्या बाहेरच्या बाजूला पांढुरके ओरखडे उमटतात आणि आत ताण अडकून राहतो.

आयआर गनवर (लांबून तापमान मोजणाऱ्या इन्फ्रारेड मीटरवर) भरवसा ठेवू नये. १२:१ ची गन १५ सें.मी. वरून १२ मि.मी. चा गोल पाहते, तापलेली पट्टी त्याहून अरुंद असते, म्हणून आकडा कमी दिसतो. ॲल्युमिनियमवर रोखली तर वाचन खोटंच येतं. मल्टीमीटरचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) पिवळ्या उष्णतारोधक टेपने पट्टीवर चिकटवला आणि वेळ ठरवली. एकदा वेळ ठरली की मीटर बाजूला, पुढे घड्याळावर काम.

सगळ्या बाकांत बुडबुडे. बारीक, मोहरीपेक्षा लहान, काही तर जाडीच्या मधोमध. जास्त तापल्याने येणारे फोड तारेकडच्या पृष्ठभागावर येतात आणि मोठे असतात. हे तसे नव्हते. हा शीटमधला ओलावा. खोलीत आर्द्रता ८४ टक्के, आणि खाडी समोरच. ॲक्रिलिक हवेतलं पाणी शोषतं, आणि १५० अंशांना त्याची आतल्या आत वाफ होते. डिमर कमी करून पाहिला, फक्त वेळ वाढली, बुडबुडे तेच.

१७ सप्टेंबर, बुधवार: सुकवायची ट्रंक

४०० मि.मी. चे तुकडे घरच्या ओटीजीत (छोट्या ओव्हनमध्ये) मावत नाहीत. मावले असते तरी नको. उघड्या कॉइलसमोरचा कोपरा ११० ला जातो तेव्हा काट्यावर ८० दिसतात.

पत्र्याची जुनी ट्रंक, आत १०० वॉटचे दोन साधे (फिलामेंटचे) बल्ब खालच्या बाजूला, वर पत्र्याचा आडोसा, त्यावर जाळी. तुकडे जाळीवर उभे, प्रत्येकाच्या मध्ये बोटभर फट. आडोसा नसेल तर बल्बसमोरचा तुकडा वाकडा होतो.

नुसत्या ट्रंकमध्ये ५४ अंशांवर काटा थांबला. बाहेरून गोधडी दुहेरी गुंडाळल्यावर ७२. होल्डर पोर्सलीनचा, वायर उष्णता सहन करणारी, गोधडी फक्त बाहेर. झाकणाला पेन्सिल घालून फट ठेवली; ओलावा निघून जायला वाट लागते.

ट्रंकमध्ये टाकण्याआधी दोन्ही बाजूंची प्लास्टिक फिल्म काढली. फिल्म ठेवली तर ओलावा अडतो आणि नंतर ती चिकटून बसते. यापुढे तुकड्यांना हात सुती हातमोज्यांनीच.

२० सप्टेंबर, शनिवार

सुकवलेल्या आणि न सुकवलेल्या पट्ट्या एकाच वेळी, एकाच तारेवर, सारखी वेळ. न सुकवलेल्यात बुडबुडे. ७२ अंशांवर ३ तास सुकवलेल्यात तुरळक. ६ तासवालीत एकही नाही. सहा तास ठरले. सुकवलेला तुकडा बाहेर ठेवून दुसऱ्या दिवशी वाकवला तरी चाललं, पण आठवडाभर उघडा राहिला तर परत सुकवावा. ज्या दिवशी वाकवायचे त्याच्या आदल्या रात्री ट्रंकमध्ये, असा क्रम.

जाडीचा प्रश्न स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याने सुटला. ॲक्रिलिकची घनता १.१९. ४०० × १४८ च्या तुकड्याचं वजन ग्रॅममध्ये घ्या, ७०.४ ने भागा, सरासरी जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. १९७ ग्रॅम म्हणजे २.८. व्हर्नियर फक्त कडेची जाडी सांगतो, काटा पूर्ण तुकड्याची. तुकडे १८७ ते २०५ ग्रॅममध्ये आले. दोन गट केले: १९६ च्या खाली 'हलके', वर 'जड'. तुकड्याच्या पायाकडच्या कोपऱ्यावर कागदी टेपने ह आणि ज.

पूर्ण जोरावर वेळा (पेटी आधी १० मिनिटं तापवून):

हलके: आतली बाजू खाली १ मि. १० सें., उलटून बाहेरची बाजू खाली २ मि. ५ सें.
जड: १ मि. २० सें., मग २ मि. १५ सें.

आतली आणि बाहेरची बाजू म्हणजे बाकाची. बाहेरची बाजू ताणली जाते म्हणून ती शेवटी आणि जास्त तापवायची. उचलल्यावर तुकडा स्वतःच्या वजनाने झुकला की तयार. बोटाला विरोध जाणवला तर २० सेकंद परत ठेवा, जोर लावू नका.

पंखा बंद, खिडकी उघडी. वास येतो तो कोंडून ठेवायचा नाही. पण खाडीवरचा वारा थेट तारेवर आला तर एक कडा थंड पडते आणि बाक तिरपा येतो. पेटीभोवती खोक्याच्या पुठ्ठ्याचा फूटभर उंच आडोसा केला. ॲक्रिलिक जळतं, म्हणून पाण्याची बादली हाताशी आणि तार चालू असताना कुणी उठायचं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार: कडा

वाकवण्याआधीच. नंतर कोपऱ्यात हात पोचत नाही. शिवाय कडेवर करवतीची खाच राहिली तर बाहेरची बाजू ताणताना चीर तिथूनच सुरू होते.

अकरा-अकरा तुकड्यांचा गठ्ठा, मध्ये कागद, दोन क्लॅम्प. हॅक्सॉ ब्लेडच्या पाठीने खरवडून करवतीच्या खुणा काढल्या, मग पाण्याबरोबर १८०, ३२०, ६००, १००० चे पॉलिश पेपर. शेवटी पितळेला लावतात ते पॉलिश, जुन्या बनियनवर. काठाच्या बाजूचे दोन कोपरे कानशीने १० मि.मी. गोल केले.

ज्वाळेने कडा चमकवण्याचा मोह आवरावा. चकाकी मिनिटात येते, पण कडेत ताण भरतो. लेसरने कापलेल्या कडेचंही तेच. अशा कडेला थोडं स्पिरिट लागलं तरी केसासारख्या चिरा.

२७ सप्टेंबर, शनिवार: साचे आणि पहिला पूर्ण स्टँड

साचे प्लायचे, वर फ्लॅनेल चिकटवलेलं. गरम ॲक्रिलिकवर लाकडाचे रेषे हुबेहूब उमटतात. काटकोनाच्या साच्यात बाकाच्या जागी ६ मि.मी. ची खोबण सोडली, म्हणजे मऊ भाग कशालाच टेकत नाही; टेकतात ते दोन्ही बाजूंचे थंड, कडक भाग. वरच्या बाकासाठी पाचर: पाया ११६, उंची १६०, नाक ५ मि.मी. त्रिज्येने गोल.

रेघा मार्करने ओढायच्या नाहीत, तापल्यावर शाई भाजून बसते. पेटीच्या बाजूला सरकता अडसर (ॲल्युमिनियम पट्टी, दोन क्लॅम्प) लावून अंतर ठरवलं. काठ १८, बैठक टोकापासून ५०, वरचा बाक पायाच्या टोकापासून १७५.

मापाबद्दल: तारेच्या मध्यरेषेपासून मध्यरेषेपर्यंतचं अंतर हे जवळजवळ आतलं माप निघतं. बैठक ३२ ठेवली, आतून ३१ आली. बाहेरून मोजलं तर प्रत्येक काटकोनी बाकामागे सुमारे २.३ मि.मी. जास्त भरतं. बाहेरचं माप पक्कं हवं असेल तर रेघ तितकी आत घ्या.

बाकांचा क्रम. यावर सगळ्यात जास्त डोकं चाललं. काठ आणि बैठक एकाच दिशेला वाकतात, वरचा बाक उलट दिशेला. वरचा आधी केला तर पाय पाठीखाली येतो आणि बैठक तापवायला तुकडा पेटीवर बसतच नाही. म्हणून वरचा शेवटी. काठ आधी, दोन्ही बाजू तापवून. मग बैठक. पण आता उलटायला गेलं की काठ खाली येतो आणि ३२ मि.मी. वरच्या पाइपाला अडतो. म्हणजे बैठकीचा बाक एकाच बाजूने, बाहेरच्या बाजूने, तापवावा लागतो. पूर्ण जोरावर ठेवला तर पृष्ठभागावर फोड आले. डिमर ८५ टक्क्यांवर, ४ मि. ४० सें. (जड गट ५ मिनिटं): स्वच्छ.

वरचा बाक दोन्ही बाजू तापवून. शेवटी पुढची बाजू खाली येते तेव्हा काठ-बैठक खाली लोंबतात, म्हणून पेटी टेबलाच्या कडेशी ठेवायची. पेटीच्या प्लायची अर्धी रुंदी १०० आणि बैठक तारेपासून १७५ अंतरावर, सहज बाहेर राहते. लांब बाजूखालचा लाकडी टेकू या वेळी काढून टाका.

४० अंशांचा बाक काटकोनाच्या पद्धतीने केला तर बाहेरची बाजू पांढुरकी झाली. तापलेली पट्टी अरुंद, ताणायचं जास्त. पाइपांवर ४ मि.मी. पट्ट्या ठेवून तुकडा उचलला, तारेपासून अंतर ११ झालं, पट्टी रुंद तापली. वेळ वाढून १ मि. ५० सें. आणि ३ मि. २० सें. बाक गोलसर आला, पांढरेपणा गेला.

साच्यात धरायची वेळ: काटकोन दीड मिनिट, पाचर तीन मिनिटं, कारण प्लायमधून उष्णता लवकर जात नाही. ओलं फडकं लावून घाई करू नये. वरचा थर आधी आक्रसतो, ताण आत राहतो, महिन्याने चिरा दिसतात.

२८ सप्टेंबर, रविवार

पाऊस. ट्रंकमधून एकेक काढूनच काम. ८ झाले. तारेवर तीन तुकडे शेजारीशेजारी बसतात, पण वाकवायचा एकेकच, म्हणून दोन मिनिटांच्या अंतराने ठेवले. दोघं हवेत: एक घड्याळ आणि पेटी, दुसरा साचे.

चौथ्यात वरचा बाक चुकीच्या दिशेला. पाय पुढे आला. तो परत पेटीवर ठेवला, मऊ झाल्यावर आपोआप सरळ व्हायला लागला. कास्ट ॲक्रिलिकला मूळ सपाट आकार 'आठवतो', तापवलं की परत जातं. सपाट फळीखाली दाबून थंड केला आणि पुन्हा बरोबर दिशेला वाकवला. रेघेशी थोडी लहर राहिली, दुय्यम म्हणून बाजूला. आता पायाच्या टेपवर बाण काढतो.

४ ऑक्टोबर, शनिवार

उरलेले १२ झाले. हलक्या गटातले आधी, मग जड. मध्ये वेळ बदलायची नाही, गफलत टळते.

दोन स्टँड काचेवर ठेवले तर डुगडुगतात. कारण अडसर थोडा तिरका बसला होता. वरच्या बाकाची रेघ १४८ मि.मी. रुंदीत अर्धा मि.मी. तिरकी गेली की पायाच्या टोकाशी जवळजवळ एक मिलिमीटर उचल येते, चूक दुप्पट होऊन खाली पोचते. अडसर गुण्याने (काटकोन पाहायच्या साधनाने) तपासायचा तो पेटीच्या कडेशी नाही, तारेशी. डुगडुगणाऱ्या दोघांचा पाय काचेवर १८० चा पेपर ठेवून घासला, आठ-दहा फेऱ्यांत बसले.

५ ऑक्टोबर, रविवार

सगळे परत ट्रंकमध्ये: ७२ अंश, सहा तास, मग बल्ब बंद करून झाकण न उघडता रात्रभर. वाकवताना अडकलेला ताण उतरवायला. पूर्ण उतरायला ८० अंश किंवा थोडं वर हवं, ट्रंक तिथे जात नाही, पण इतक्यानेही चिरांची शक्यता पुष्कळ घटते. आकार बदलला नाही. पाचर लावून तपासलं, कोन अर्ध्या अंशात.

भार: एक किलो ठेवल्यावर पाय दीड मिलिमीटर मागे सरकला, काढल्यावर परत आला. दिवाळी अंकाला हे भरपूर झालं. शब्दकोशासारखं जाड पुस्तक महिनोन्महिने ठेवायचं असेल तर ५ मि.मी. शीट घ्या. ॲक्रिलिक सततच्या वजनाखाली हळूहळू बसतं.

सनमायकाच्या टेबलावर स्टँड सरकतात. पायाखाली दोन पारदर्शक सिलिकॉन गोळ्या लावल्या.

शंभर पानांचे पातळ अंक वरून मागे वाकतात. पाठ १७५, अंक २८०, वरचे दहा सें.मी. आधाराविना. पाठ वाढवली असती तर अर्ध्या शीटमध्ये तीन तुकडे बसले नसते. अंकामागे कॅलेंडरचा पुठ्ठा, १५ × २६ सें.मी.; समोरून दिसत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

एका स्टँडच्या बैठकीच्या बाकावर चिरांची जाळी. टेबलावरचा सॅनिटायझर फवारून पुसला होता. बाकीच्या एकोणिसांवर काही नाही. हा बाक एकाच बाजूने तापवलेला आहे, ताण तिथेच जास्त, आणि अल्कोहोलने नेमकी तीच जागा शोधली. चिरा भरून येत नाहीत. लहर राहिलेला दुय्यम स्टँड त्याच्या जागी गेला. जाळीदार स्टँड पुढे चाचणीला.

टेबलाजवळ चिकटवलेला कागद: स्टँड पुसताना साबणाचं पातळ पाणी आणि मऊ सुती कापड. सॅनिटायझर, काच पुसायचं निळं पाणी, स्पिरिट, थिनर नाही. कोरडं फडकं घासू नका, धुळीने ओरखडे पडतात. दुपारी ऊन येतं त्या खिडकीत ठेवू नका.

उरलं: एक सपाट तुकडा (१९३ ग्रॅम, ह), कडा पॉलिश केलेल्या. वापरायचा झाला तर परत सहा तास ट्रंकमध्ये.